उसनं नाक

मामीला वास येत नाही हे सगळ्यात आधी माझ्या आईच्या लक्षात आलं, ते दूध करपलं त्या सकाळी. मामी शेगडीपासून हातभर अंतरावर बसून मोजे रफू करत होती. दूध उतू गेलं, आटलं, पातेल्याच्या बुडाला काळं पडलं. धूर दारापर्यंत आला तशी कपडे वाळत घालणारी आई धावत आत आली, आणि मामीनं मान वर करून विचारलं, "काय गं, पाऊस आला का?"

आईनं आधी पातेलं उतरवलं. मग एक लसणीची पाकळी ठेचली आणि मामीच्या नाकाखाली धरली.

"डोळे मिट. काय आहे हे?"

मामीनं दोनदा हुंगलं.

"वहिनी, काय आहे?"

"कांदा," मामी म्हणाली. ती अंदाजानं बोलली होती, आणि ते दोघींनाही कळलं.

मामी म्हणजे आईच्या थोरल्या भावाची बायको. मामा तरुणपणीच गेला. माझ्या वडिलांनी आम्हाला सोडून दुसऱ्या गावी संसार थाटला. तेव्हापासून या नणंद-भावजय दोन खोल्यांच्या एका घरात राहिल्या त्या राहिल्याच. मामीला मूल नव्हतं, आईला मी एकटी. दोघींचं पटायचं म्हणावं तर रोज भांडण, आणि पटत नव्हतं म्हणावं तर एकीशिवाय दुसरीच्या घशाखाली घास उतरत नसे. मामी खुशीत असली की आईला "अगं" म्हणायची, चिडली की "वन्सं". घरात "वन्सं" ऐकू आलं की मी पुस्तक उचलून जिन्यात जाऊन बसायची.

मी सांगतेय ते घडलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. दोन गल्ल्या पलीकडे राहत होते आणि चष्म्याच्या दुकानात कामाला होते. यातलं काही मी पाहिलं, काही मामीनं सांगितलं, काही आईनं, तेही वेगवेगळ्या वेळी.

दोघी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, तिथल्या कँटीनमध्ये होत्या. मामी मुख्य स्वयंपाकीण, आई भाज्या चिरायला. भट्टीवर काम करणाऱ्या माणसांची भूक निराळी असते. घामातून मीठ निघून जातं, मग त्यांना सगळं खारट, तिखट, चरचरीत लागतं. त्यांच्यासाठी मामी दर शुक्रवारी एक पाव करायची. त्याला नाव नव्हतं. कारखान्यात सगळे नुसतं 'शुक्रवार' म्हणायचे. "आज शुक्रवार किती घेतलेस?" "दोन शुक्रवार खाल्ले, आता झोप येतेय."

तो करायची तिची पद्धत ठरलेली होती, आणि त्यात कुणी लुडबुड केलेली तिला खपायची नाही. पहाटे पाचला पीठ मळायचं. हातभर लांबीचे पाव भाजून निवले की उभे चिरायचे आणि आतली बाजू लसूण-लोणी लावून आधी एकदा ओव्हनमध्ये कोरडी करून घ्यायची, नाहीतर वरच्या रसानं पावाचा लगदा होतो. स्टेकचं मांस अर्धवट गोठलेलं असतानाच कापायचं, म्हणजे कागदासारखे काप पडतात. ते काप तापलेल्या तव्यावर थोडे थोडेच टाकायचे. एकदम टाकले तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी शिजतं. कांदा, ढब्बू मिरची, मश्रूम वेगळे परतायचे, पाणी पार आटेपर्यंत. मग पावावर खाली चीज, त्यावर मांस, त्यावर भाज्या, वर पुन्हा चीज, आणि ओव्हनमध्ये चीजवर तपकिरी ठिपके उठेपर्यंत ठेवायचं. "खालचं चीज म्हणजे गोंद आणि वरचं म्हणजे पांघरूण," ती म्हणायची. बारा वाजता भोंगा झाला की तीनशे माणसं रांगेत उभी असत.

वास गेला तो पडल्यामुळे. कँटीनच्या ओल्या फरशीवर स्टुलावरून ती मागच्या मागे पडली होती. डोक्याला मागून खोक पडली, चार टाके पडले, आठ दिवसांत कामावर हजर. वासाचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळं बेचव लागतंय ते गोळ्यांमुळे असेल असं ती धरून चालली होती. दूध करपल्यावर आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आतल्या नसा दुखावल्यात, वर्षभरात परत आला तर आला, नाहीतर नाही.

बाहेर पडल्यावर मामी रस्त्यातच थांबली. "कँटीनमध्ये बोलायचं नाही."

"अगं पण वहिनी..."

"वास न येणारी स्वयंपाकीण आणि आंधळा ड्रायव्हर, दोघांना कोण ठेवतं? माझ्या आधीच्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीचा हात थरथरायला लागला तर मॅनेजरनं तिला आठवड्यात घरी पाठवलं. वर्षाचा तर प्रश्न आहे. तू आहेस की माझ्याबरोबर."

अशी आई मामीचं नाक झाली. सकाळी मांस आलं, दूध आलं, लोणी उघडलं की आई काहीतरी निमित्त काढून जवळून जायची, आणि परत आपल्या जागी येऊन सुरीच्या मुठीनं फळीवर ठोकायची. एकदा ठोकलं की माल ठीक, दोनदा ठोकलं की फेकून दे. फोडणी करपायला आली की खोकायची. कुणाला काही कळलं नाही. घरी आल्यावर दोघी यावर हसायच्याही. "आपलं घराणं नाकाचंच," आई म्हणायची, "एकीच्या नाकावर राग, दुसरीच्या नाकावर कँटीन." वर्ष गेलं, दुसरंही गेलं. वास काही परत आला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कारखान्याच्या ऑफिसातल्या कँटीनमध्ये स्वयंपाकिणीची जागा निघाली. छोटी कँटीन, चाळीस माणसं, बसून करायचं काम. आईनं बारा वर्षं भाज्या चिरल्या होत्या. तिला सगळं करता येत होतं, आणि ती जागा आपल्याला मिळेल असं तिनं मनात धरलं होतं. मॅनेजरनं मामीला विचारलं, "तुमची नणंद कशी काय, जमेल तिला?"

मामी म्हणाली, "हात जड आहे तिचा. घाईच्या वेळी गोंधळते."

जागा दुसरीलाच मिळाली. आई दोन दिवस उदास होती. मामीनं तिच्या आवडीचं करून घातलं आणि म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांना माणसाची पारख नाही."

ही गोष्ट आईला कळली सहा आठवड्यांनी, एका गुरुवारी. त्या आठवड्यात रंगकामासाठी कँटीन सोमवार दुपारपासून बंद होती आणि माणसांना बाहेरून डबे येत होते. आई चाकूला धार लावून आणायला कारखान्याच्या कोठीत गेली, तेव्हा कोठीवाला सहज बोलून गेला, "तुमच्या भावजयीनंच तर नको सांगितलं."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा भांडण ऐन भरात होतं. मामी खाटेवर बसली होती, आई दारात उभी होती, अंगात अजून बाहेरचा कोट.

"एवढंच सांग, म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"का?"

मामी खाटेवरची चादर सारखी करायला लागली. उत्तर द्यायची गरजच नव्हती. आई त्या कँटीनमध्ये गेली असती तर इथं फळीवर कोण ठोकणार होतं?

"बारा वर्षं," आई म्हणाली. "बारा वर्षं कांदे चिरून माझे डोळे गेले. तुझं नाक टिकावं म्हणून मी तिथंच सडायचं होतं?"

"वन्सं, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! आणि तुलाही ऐकवते. मागच्या महिन्यात मी दोनदा ठोकलं आणि तू अख्खं मांस फेकलंस ना? ते चांगलं होतं. एकदम ताजं होतं. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसलीस म्हणून ठोकलं मी. बघत होते, माझ्या शब्दाशिवाय तुझं काही चालतं का ते."

मामीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ती रडेल. पण ती इतकंच म्हणाली, "मग तुझ्या नाकाचाही काही भरवसा नाही म्हणायचा."

"नाही ना? मग उद्यापासून आपल्या जिवावर कर." आई माझ्याकडे वळली. "चल गं, मी आज तुझ्याकडे येतेय."

मी मध्ये पडायला हवं होतं. पण आईची बाजू बरोबर होती, आणि खरं सांगायचं तर मामीची चांगली जिरली याचं मला थोडं बरंही वाटलं. आम्ही दोघी निघून आलो.

शुक्रवारी मामी एकटीच पाचला कँटीनमध्ये गेली. भिंतींना ताजा पिवळा रंग होता. रंगाऱ्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी काम संपवलं होतं. सोमवारी सकाळीच आलेलं मांस मागच्या फ्रीजमध्ये होतं. तो फ्रीज म्हणजे एक लहान खोलीच होती. रंगाऱ्यांपैकी एकानं आपलं घासायचं मशीन लावायला सोमवारी दुपारीच फ्रीजची पिन काढली होती, आणि जाताना, गुरुवारी संध्याकाळी, आठवणीनं परत लावली होती. हे पुढे चौकशीत निघालं. शुक्रवारी सकाळी फ्रीज घरघरत होता, आत हात घातला की गार लागत होतं.

मामीनं मला हे बऱ्याच महिन्यांनी सांगितलं, ते असं: "मांस मऊ होतं. कापताना सुरी घसरत होती, काप जाड पडत होते. ट्रेमध्ये लाल पाणीही नेहमीपेक्षा जास्त. मला दिसलं ते. मी मनाशी म्हटलं, बंद ठेवताना कुणीतरी फ्रीजचं बटण कमी केलं असेल. गार तर आहे."

तरी तिनं एक गोष्ट केली. भांडी घासणारी बाई शेजारीच पातेली विसळत होती. मामीनं ट्रे तिच्यासमोर धरला.

"कसं वाटतंय गं हे?"

ती बाई बुचकळ्यात पडली. मुख्य स्वयंपाकीण आपल्याला मांसाबद्दल विचारतेय, हे तिला परीक्षा घेतल्यासारखं वाटलं. "तुम्ही म्हणाल तसं, ताई," ती म्हणाली.

पुढे त्या बाईनंच रडत सांगितलं की तिला काहीतरी आंबूस वास आला होता. पण रंगाचा दर्प नाकात बसला होता, आणि ताईंना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं तिला वाटलं.

मामीच्या मनात काय चाललं होतं तेही तिनं लपवलं नाही. "माल फेकायचा तर कारण सांगावं लागलं असतं. आणि तुझी आई घरी बसून म्हणाली असती, बघा, माझ्याशिवाय हिचं एक दिवस भागलं नाही. मागच्या महिन्यात मी चांगलं मांस फेकलं होतं. या वेळी नाही फेकायचं, असं ठरवूनच टाकलं मी."

तिनं पाव केले. नेहमीपेक्षा जास्त मन लावून केले. ढब्बू मिरची तिनं स्वतः चिरली, कांदा पार लालसर परतला, चीज जास्तीचं घातलं. चव घेऊन पाहिली: मीठ बरोबर, तिखट बरोबर. त्यापलीकडचं तिच्या जिभेला कळत नव्हतं. बारा वाजता माणसं आली, रंगवलेल्या भिंतींकडे बघून "लग्न आहे का कँटीनचं?" म्हणाली, आणि जेवली. एकदोघांनी मांस जरा उग्र आहे म्हटलं. बाकीच्यांना तेही बरंच वाटलं.

रांगेच्या शेवटी फुंक्या आला. हा भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस. तरुणपणी तोंडानं फुंकून बाटल्या करायचा, म्हणून हे नाव पडलं. आता यंत्रं आली होती आणि तो नुसती देखरेख करायचा, पण फुंकून फुंकून सैल पडलेले त्याचे गाल तसेच लोंबत होते. मामीला तो 'मालकीणबाई' म्हणायचा.

"मालकीणबाई, आज मला नुसतं सूप द्या. पोट जरा बरं नाही."

"शुक्रवारी सूप? लाज नाही वाटत?" मामीनं कडेचा तुकडा, सगळ्यात कुरकुरीत, त्याच्या ताटात ठेवला. "हा तुमच्यासाठी बाजूला काढला होता. खा मुकाट्यानं."

त्यानं खाल्ला. ताट परत आणून देताना बोटं चाटून दाखवली.

साडेतीनच्या सुमाराला पहिला माणूस भट्टीजवळ वाकला आणि ओकला. मग दुसरा. पाच वाजेपर्यंत कारखान्याच्या अंगणात माणसं ओळीनं बसली होती, डोकी गुडघ्यांत घालून. एक रुग्णवाहिका पुरेना म्हणून बाटल्यांच्या ट्रकमधून माणसं नेली. मी दुकानातून घरी येत होते तेव्हा ते ट्रक माझ्या समोरून गेले. घरी आले तर आई खिडकीत उभी होती.

"काय झालं कारखान्यात?"

"जेवणातून विषबाधा म्हणतायत," मी म्हटलं.

आई चप्पल न घालता तशीच जिना उतरून गेली.

सत्त्याण्णव माणसं आजारी पडली. बहुतेक दोन-तीन दिवसांत उठली. फुंक्याला आधीपासून मूत्रपिंडाचं दुखणं होतं, ते त्यानं कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचंही कारण तेच, घरी बसवतील म्हणून. तो रविवारी सकाळी गेला.

चौकशी झाली. मोठे साहेब आले, फ्रीज तपासला, रंगाऱ्यांना विचारलं, आणि पिन काढणारा रंगारी सापडला. तो स्वतःहूनच म्हणाला, "हो, मी काढली. मला वाटलं आत काही नाही." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कारण सापडलं होतं. मॅनेजरनं मामीला बोलावून सांगितलं, "तुम्हाला काही होणार नाही. पण तुम्ही फार बोलू नका."

"साहेब, मला वास येत नाही," मामी म्हणाली.

"काय?"

"दोन वर्षं झाली. तुमच्या फरशीवर पडले तेव्हापासून."

मॅनेजरनं उठून दार लावलं. "हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "आणि मी ऐकलेलं नाही. तुम्ही इथं पडलात, हे कागदावर आलं तर तुमच्यासकट आम्ही सगळे बुडू. त्या माणसानं कबूल केलंय ना? मग?"

मामीनं तरीही सांगितलं. रंगाऱ्यावर खटला झाला तेव्हा त्याच्या वकिलाला शोधून काढून ती कोर्टात साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलानं तिला एकच प्रश्न विचारला: "खोलीत रंगाचा एवढा वास होता. तुमचं नाक धड असतं तरी तुम्हाला कळलं असतं, हे शपथेवर सांगता येईल?"

"नाही," मामी म्हणाली.

"बसा."

रंगाऱ्याला सहा महिन्यांची कैद झाली.

या प्रश्नानं मामीपेक्षा आईला जास्त पोखरलं. आपण तिथं असतो तर ओळखलं असतं का? कधी ती म्हणे, नक्की ओळखलं असतं, आणि मग तिला झोप येत नसे. कधी म्हणे, त्या रंगात कुणालाच कळलं नसतं, आणि मग स्वतःवरच चिडे, की बघ, कशी सुटका करून घेतेयस. एकदा मी दोघींसमोर म्हटलं, "आई, तुझा यात काय दोष?" तर मामीच म्हणाली, "तिचा काही नाही. तोंड माझं होतं, हात माझे होते." आई म्हणाली, "आणि मी मुद्दाम उशिरापर्यंत लोळत पडले होते त्या दिवशी. जागी होते. घड्याळाकडे बघून बरं वाटत होतं मला." 

साक्षीनंतर आठवड्यानं मामी फुंक्याच्या घरी गेली. एकटीला जाऊ द्यायला नको म्हणून मी बरोबर गेले. तिसऱ्या मजल्यावरची खोली. दारामागे त्याचा भट्टीवरचा जाड कोट अजून टांगलेला. त्याची बायको ठेंगणी, शांत बाई होती. तिनं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. मामी बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं: पडल्याचं, नाकाचं, फळीवर ठोकण्याचं, भांडणाचं, मांसाच्या त्या ट्रेचं. "ते मांस मी दिलं," ती म्हणाली. "मला शंका आली होती आणि तरी दिलं."

ती बाई हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती.

"हे तुम्ही मला कशाला सांगितलंत?" ती म्हणाली.

मामीला प्रश्नच कळला नाही.

"मला सांगितलं होतं की फ्रीज बंद पडला. मी म्हटलं, ठीक आहे, फ्रीज बंद पडतात. त्या रंगाऱ्याचाही मला राग आला नाही. चुकून पिन काढली बिचाऱ्यानं. तेवढ्यावर मी जगले असते हो. आता तुम्ही रोज माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रे घेऊन उभ्या राहणार. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आलात. वाटलं का हलकं?"

"नाही," मामी म्हणाली.

"मग दोघींचंही नुकसान झालं. या आता."

खाली उतरताना मामीनं कठड्याला धरलं आणि दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली. वर सांगितलं नव्हतं ते तिनं मला तिथं सांगितलं: तो नको म्हणत होता, सूप मागत होता. "तेही सांगायचं होतं," ती म्हणाली. "ओठांवर आलं होतं. पण तिनं विचारलं ना, कशाला सांगितलंत म्हणून. मग गिळलं." ते तिनं शेवटपर्यंत गिळूनच ठेवलं. मी आज लिहितेय, कारण ती बाईही आता नाही.

काम तर मामीनं त्या शुक्रवारनंतर लगेचच सोडलं होतं. कँटीन महिन्यानं परत उघडली, आणि मुख्य स्वयंपाकिणीची जागा मॅनेजरनं आईला देऊ केली. आईनं ती घेतली. लोकांनी तोंडात बोटं घातली. भावजयीच्या राखेवर चूल मांडली म्हणाले. पण घर चालायला हवं होतं, आणि मामीनंच तिला पाठवलं. "तुझा हात हलका आहे," पहिल्या दिवशी सकाळी ती आईला म्हणाली. "मी खोटं बोलले होते." आईनं आपली सुरी पिशवीत टाकली आणि ती गेली. त्या दिवसापासून दोघींची भांडणं बंद झाली. याहून वाईट मी त्या घरात काही पाहिलं नाही. पूर्वी ज्या दोन खोल्यांत दिवसभर शब्दाला शब्द भिडायचा, तिथं आता "मीठ दे", "दार लाव", "झोपतेस का" एवढंच ऐकू यायचं, आणि तेही इतक्या सांभाळून, जणू दुसरी काचेची आहे.

आईनं शुक्रवारचा पाव परत कधी केला नाही. कुणी मागितलाही नाही.

मामी दवाखान्याच्या धोबीखान्यात लागली. तिथं आजाऱ्यांच्या चादरी यायच्या, रक्ताच्या, घाणीच्या, आणि बाकीच्या बायका नाकाला फडकी बांधून त्या चादरी काठीनं उचलायच्या. मामी हातानं उचलायची. मुकादमीण खूश होती, म्हणायची, "अशी बाई बघितली नाही, तोंडसुद्धा वाकडं करत नाही." मामीनं तिथं मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की आपल्याला वास येत नाही. तिथं ते चांगलंच ठरलं.

स्वयंपाक तिनं पार सोडला. घरी आई कामावरून येऊन करायची, मामी समोर ठेवलं ते खायची, आणि कशी लागली भाजी असं विचारलं तर "गरम आहे" म्हणायची. एकदा माझ्या धाकट्या मुलानं तिच्याकडे खायला मागितलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं डब्यातला पाव काढला, हातात धरला, उलटापालटा केला, आणि त्याला घेऊन माझ्याकडे आली, दोन गल्ल्या चालत, भर उन्हात. "तूच दे," म्हणाली. "तू बघून दे."

अशी आठ वर्षं गेली. धोबीखान्यातल्या वाफेनं म्हणा, वयानं म्हणा, तिची छाती भरायला लागली. शेवटचे बारा दिवस ती त्याच दवाखान्यात होती. अंगावरची चादर बघून "ही आमच्याकडचीच घडी आहे" म्हणाली. आई रोज कँटीनमधून थेट तिकडे जायची. अंगाला कांद्याचा, तेलाचा वास तसाच. एका दुपारी मामीनं तिला जवळ बसवलं.

"अगं," ती म्हणाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या आवाजात जुना खडूसपणा होता, "मी गेल्यावर लोक येतील. कुणाला काही खायला घालू नकोस."

"असं कसं वहिनी, लांबून येतील माणसं."

"नको. माझ्या नावानं कुणाच्या ताटात काही पडायला नको. कबूल कर."

आईनं कबूल केलं. दोन दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला, मामी गेली.

माणसं फार नव्हती. धोबीखान्यातल्या चार बायका, मुकादमीण, शेजारी, आणि कारखान्यातले तिघे म्हातारे. ते त्या शुक्रवारी आजारी पडलेल्यांपैकीच होते. मॅनेजर आला नाही. सगळं आटोपून मंडळी घरी आली, दोन खोल्यांत दाटीनं बसली. जेवणाची वेळ टळून गेली होती. आई उठली, प्रत्येकाला पेलाभर पाणी दिलं आणि परत येऊन बसली. लोक थोडा वेळ वाट बघत राहिले, एकमेकांकडे बघत राहिले. मग एकेक जण उठून भुकेल्या पोटी घरी गेला. त्यातल्या काहींनी पुढे नावं ठेवली. आईनं त्यांना कारण सांगितलं नाही, आणि मलाही सांगू दिलं नाही.